मागच्या सीटवरची ज्वारी

आत्याबाई,

सगळे पाहुणे गेले. राहिल्यात त्या फक्त शोभाताई, आणि त्या आत्ता स्वयंपाकघरात भांडी लावतायत. तुमच्या लेकीला बसून राहणं जमत नाही, हे तुमच्याकडूनच आलंय. मी बाहेरच्या खोलीत तुमच्या पलंगावर बसून हे लिहितेय. इथं बसले, कारण घरात दुसरीकडं कुठंही बसलं की कुणीतरी येऊन काहीतरी विचारतं. या पलंगावर अजून कुणी बसत नाही, आणि बसलेल्याला कुणी हटकत नाही.

दमलेय मी. रडून दमले असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण कालपर्यंत मला रडूच आलं नव्हतं. माणसांनी दमले. चहा करून, वाकून नमस्कार करून, ‘शेवटी काय झालं हो?’ याचं उत्तर आल्यागेल्याला नव्यानं देऊन. काहीजणी तर ‘तुझ्या त्या विमानाच्या काळजीनंच म्हातारी खचली’ असं मला ऐकू जाईल इतक्याच हळू बोलल्या. त्यांनाही चहा दिला. साखर व्यवस्थित घातली.

आता जरा निवांत आहे तर तुमच्याशी राहिलेलं भांडण करून घेते. आजचा रविवार कसा गेला ते सांगायचंय, पण त्याआधी कावळ्याचं सांगायला हवं. तुम्ही तिथं होतात की नव्हतात, मला माहीत नाही.

दहाव्याला आम्ही गावी गेलो होतो. नदीच्या वाळूत पिंड मांडले आणि सगळे मागं सरून उभे राहिले. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या बाभळीवर चांगले ऐसपैस बसले होते. पण एकही खाली येईना. मग सुरू झालं ते. तुम्ही स्वतः किती जणांच्या दहाव्याला पुढं होऊन करायचात तेच. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते ओळखायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा. तुमचे चिरंजीव, म्हणजे माझे हे, म्हणाले, ‘‘आई, वावर विकणार नाय.’’ कावळे ढिम्म. तुमच्या चुलत दिरांनी देवीच्या नैवेद्याचं बोलून पाहिलं. काही नाही. ऊन चढायला लागलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तशा सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडं वळल्या.

मी काय बोलावं ते मनात जुळवत होते. तोंड उघडायच्या आत शोभाताईंनी हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाल्या, ‘‘आई, संगीता आता उडणार नाय. तिनं सोडलं म्हून समज. तू जीव लटकत ठिवू नको.’’

आणि काय सांगू तुम्हाला, त्या मेल्या कावळ्यानं तेवढ्यातच उठायचं ठरवलं. सरळ खाली आला, पिंडाला चोच लावली आणि भाताचं शीत घेऊन गेला.

सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. बायका डोळे पुसायला लागल्या. कुणी म्हणालं, बघा, एवढ्यातच जीव अडकला होता. मी सोडून तिथल्या सगळ्यांचं समाधान झालं. शब्द दिला शोभाताईंनी, उडणं माझं, आणि साक्षीला कावळा. माझी सहीसुद्धा लागली नाही.

तेव्हा मी गप्प राहिले. दहाव्याच्या वाळूत उभं राहून नणंदेशी काय भांडायचं? पण त्या दिवसापासून घरात सगळे असं धरून चाललेत की तो विषय मिटला. ह्यांनी तर तेराव्याच्या गडबडीत मला हळूच विचारलं, ‘‘मग त्या विमानवाल्या सरांना कळवायचं का?’’ जसं काही केबल बंद करायचीय.

तुम्हीच सांगा आत्याबाई, तुमचा जीव खरंच त्यात अडकला होता का? मला नाही वाटत. पण खात्रीनं कसं सांगू? पाच-सहा वर्षं आपण या एकाच गोष्टीवर भांडलो. तुम्ही एकदाही ‘उडू नको’ म्हणाला नाहीत आणि एकदाही ‘जा’ म्हणाला नाहीत.

सुरुवात तुम्हाला आठवत असेल. कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्हा सगळ्याजणींना वाळूजच्या पुढं रानात एक मातीची धावपट्टी आहे तिथं नेलं होतं. एकेकीला मागच्या सीटवर बसवून एक चक्कर मारून आणायचे. बाकीच्या खाली आल्या, किंचाळल्या, फोटो काढले. मी खाली आले आणि विमान चालवणाऱ्या सरांना विचारलं, ‘‘हे शिकवता का?’’ चाळिशीला टेकलेली बाई, दिवसभर गाड्यांचे सुटे भाग तपासणारी. सर हसले नाहीत. म्हणून तर अडकले मी.

घरी येऊन तुम्हाला मोबाइलवर दाखवलं. वर कापडाचा पंख, खाली तीन चाकं, पुढं-मागं दोन सीटा आणि पाठीला इंजिन. तुम्ही चष्मा लावून, मोबाइल जवळ-लांब करून बघितलं आणि म्हणालात, ‘‘ही तर उडती फटफटी हाय. हिला भिंतीच नायत.’’ त्यानंतर माझ्या विमानाला या घरात कुणी विमान म्हटलं नाही.

शिकणं चाललं होतं तोवर तुमचं फार काही म्हणणं नव्हतं. सर सोबत असतात, पडले तर दोघं पडतील, असा तुमचा काहीतरी हिशेब असावा. खरं वाजलं ते एकटीनं उडायची वेळ आली तेव्हा. त्या यंत्राला पुढं बसणाऱ्याचं ठराविक वजन लागतं. मी त्यात बसत नव्हते. सर म्हणाले, ‘‘मॅडम, वजन कम पडता है. अकेले नाही सोडता येणार. मागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधावं लागेल.’’

ते मी घरी येऊन सहज सांगितलं. तुम्ही हातातली भाजी खाली ठेवलीत.

‘‘वजन कमी हाय म्हणला?’’

‘‘हो.’’

‘‘मंजी आम्ही सुनंला खायाला घालत नाय असं म्हणला तो?’’

किती समजावलं, की माझी हाडंच बारीक, हा विमानाच्या तोलाचा प्रश्न आहे. पण तुमच्या लेखी कुण्या परक्या पुरुषानं तुमच्या स्वयंपाकघराला नाव ठेवलं होतं. त्या आठवड्यात घरात मेथीचे लाडू झाले, डिंकाचे झाले, भाकरीवर तुपाची धार दुप्पट झाली. वजन वाढलं, पण ह्यांचं. माझं तिथंच राहिलं. मग तुम्ही हार मानलीत, म्हणजे मला वाटलं मानलीत. पोत्याचं विचारलंत.

‘‘वाळू कामून?’’

‘‘वजनाला. वाळू जड असते.’’

‘‘वाळू घाटावर असती, दहाव्याला,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘माझ्या सुनंच्या पाठीशी वाळू बसायची नाय.’’

दुसऱ्या दिवशी मी शिफ्टवरून आले तर तुम्ही जुन्या लुगड्याच्या चार पदरी कापडाची पिशवी शिवत बसला होतात, वाकळ शिवतात तसे बारीक धागे घालून. तिच्यात वावरातली ज्वारी भरलीत. सरांनी ती बघितली, दाबली, तोलली, वजन लिहून घेतलं आणि मला म्हणाले, ‘‘चलेगा. पण इथं ठेवू नका, उंदीर लागतील.’’ ते म्हणाले नसते तरी ती तिथं राहणार नव्हतीच. तुमचा नियम आधीच तयार होता. रविवारी ज्वारी माझ्याबरोबर जाणार, वर फिरून येणार, आणि दुपारची भाकरी त्याच ज्वारीची होणार. ती घरी येईस्तोवर चूल पेटणार नाही. घरघंटीत पायलीभर ओतायचं, बाकीचं आठवडाभर खायचं, पुढच्या रविवारी नवी भरायची.

‘‘आणि मला उशीर झाला तर?’’ मी विचारलं होतं.

‘‘तर उपाशी राहू. तुझा नवरा बी.’’

मी तेव्हा हसले. नंतर कळलं की तुम्ही काय करून ठेवलंय ते.

पहिल्यांदा एकटी उडाले तो दिवस मी तुम्हाला नीट सांगितलाच नाही. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही त्या दिवशी फार मोठी झाले होते स्वतःच्या मनात. आता सांगते. सर मागच्या सीटवरून उतरले, तिथं तुमची ज्वारी ठेवली, पट्टे आवळले, दोनदा ओढून बघितले आणि माझ्या खांद्यावर थाप मारून लांब जाऊन उभे राहिले. एरवी पाठीमागून त्यांचं सारखं चालू असायचं, दांडी ढकला, दांडी ओढा, तिकडं बघा. त्या दिवशी मागून काही नाही. चाकं सुटली, पट्टी खाली गेली, आणि मला इतकी भीती वाटली की मी मोठ्यानं बोलायला लागले. इंजिनाच्या आवाजात मलाच ऐकू येत नव्हतं. कुणाशी बोलत होते? मागं बसलेल्या ज्वारीशी. ‘आत्याबाई, आता वळते. आत्याबाई, आता खाली घेते.’ चक्कर मारून उतरले. सरांनी हात मिळवला, कुणीतरी पेढे आणले होते. मी पोतं सोडलं, स्कूटीच्या पायाशी ठेवलं आणि घरी आले.

तुम्ही दारातसुद्धा नव्हतात. आतूनच आवाज आला, ‘‘ज्वारी आली का?’’

मला काय राग आला होता! एकटी उडून आले, जिवंत आले, आणि हिला ज्वारीची पडलीय. ‘‘आली,’’ असं तोडून टाकलं मी. त्यानंतर दर रविवारी तेच. स्कूटी थांबली की आतून तुमचा आवाज, ज्वारी आली का? तुम्ही एकदाही ‘आलीस का गं’ असं विचारलं नाहीत.

पुढं मला त्या पोत्याचा जाचच व्हायला लागला. लोक मोकळं वाटावं म्हणून उडतात, आणि मला वर गेल्यावर घड्याळ दिसायचं, थंड चूल दिसायची, पोट धरून बसलेला तुमचा मुलगा दिसायचा. एकदा मी चिडून म्हणालेही, की तुम्ही मला बांधून ठेवताय. तुम्ही पिशवीचं तोंड शिवत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘‘व्हय, बांधते. शेरडाला बांधते, पोत्याला बांधते, तुला कामून नाय?’’

एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून लपवली. एका सकाळी हवा इतकी गोड होती की उतरावंसं वाटत नव्हतं. अजून एक चक्कर, अजून एक, असं चाललं होतं. मग मनात आलं, बास, घरी सगळे उपाशी असतील. कंटाळत, तुम्हाला मनात चार शब्द सुनावत खाली आले. पंख बांधून होईतो वाऱ्यानं जो काही रंग बदलला! पट्टीवर अशी धूळ उठली की पलीकडची शेड दिसेना. सर माझ्याकडं बघत राहिले. त्या वाऱ्यात मी वर असते तर काय झालं असतं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. घरी आले, तुम्ही आतून विचारलंत, मी ‘आली’ म्हणाले. एवढंच. सांगितलं असतं तर तुम्ही ते अख्ख्या बजाजनगरला ऐकवलं असतं आणि मला तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. आता सांगते. तुमच्या भाकरीनं मला त्या दिवशी खाली आणलं, आत्याबाई. हे जिवंतपणी सांगायला हवं होतं की नको, यावर मी अजून माझ्याशीच भांडतेय.

परवाना आला तेव्हा तुम्ही त्याला हळद-कुंकू लावलंत आणि ‘फोटो लई बारीक आलाय’ म्हणालात. मी म्हटलं, आता मागं माणूस बसवायची मुभा मिळाली, पहिलं माणूस तुम्ही. केवढी गळ घातली. तुमचं उत्तर ठरलेलं. ‘‘म्या बसले तर ज्वारी कुठं बसल? अन् मग खायाचं काय?’’ शेजारच्या बायका बसून आल्या, ह्यांचे मित्र बसून आले. ह्यांनी तर डोळे मिटूनच चक्कर पूर्ण केली. तुम्ही धावपट्टी बघायलासुद्धा आला नाहीत. रविवार गेला की नवा रविवार, मी चला म्हणायचं आणि तुम्ही नको म्हणायचं.

आणि मग या दिवाळीनंतर तुम्हाला दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग न्हाणीपर्यंत जाताना, मग नुसतं बोलताना. औषधांनी छातीतलं पाणी उतरायचं, पुन्हा चढायचं. तुम्ही या पलंगावर उशीला टेकून बसायला लागलात, आणि एका सकाळी मी पिशवी उचलून निघाले तर म्हणालात, ‘‘संगे, आज मला ने.’’

मला वाटलं चेष्टा. पण तुम्ही पाय खाली सोडले होते.

‘‘आधी बऱ्या व्हा,’’ मी म्हणाले. ‘‘बऱ्या झालात की नेते.’’

‘‘बरी झाल्यावर म्या कामून येऊ? बरी झाल्यावर मला कामं नायत का?’’

डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलेलं, आणि तुम्हाला मी वर कशी नेणार होते? पण तुम्ही सोडलं नाहीत. नंतर प्रत्येक रविवारी तुम्ही ने म्हणायचं आणि मी नको म्हणायचं. आपण जागा बदलल्या आणि भांडण तेच ठेवलं. एकदा मात्र तुम्ही वेगळंच म्हणालात. ‘‘तितं मागं बसून तू कशी दिसतीस ते बगायचं होतं. ज्वारीनं बगितलं, म्या नाय.’’ मी तेव्हा औषधाच्या गोळ्या काढत होते. ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं.

तुम्हाला शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा शेजाऱ्यांची गाडी होती. ह्यांना शिफ्टवरून यायला वेळ लागणार होता. मी तुम्हाला उचललं. पोतं उचलायची हाताला सवय, तशीच उचललं, एक हात खाली आणि एक पाठीशी. तुमचं काही वजनच राहिलं नव्हतं. गाडीत बसवून पट्टा लावला आणि सवयीनं दोनदा ओढून बघितला. तुम्हाला धाप लागलेली, तरी डोळे वर करून म्हणालात, ‘‘मी काय ज्वारी हाय का?’’

‘‘घरी परत आणायचंय ना तुम्हाला,’’ मी म्हणाले.

‘‘तर! भाकरी कोण करल?’’

आपण दोघी हसलो. शेजाऱ्यांना वाटलं असेल यांचं डोकं फिरलंय. आणि नंतर तुम्ही आला नाहीत. ज्या बाईनं मला इतकी वर्षं घरी यायच्या नियमात बांधलं, तिनं स्वतः तो मोडला. या गोष्टीचा मला दुःखापेक्षा रागच जास्त येतोय. आला तरी काय करणार? कुणावर काढणार?

आता आजचं सांगते.

सकाळी उठले आणि तुमच्या कणगीतली ज्वारी काढून पिशवी भरायला घेतली. ठरवून नाही. रविवार होता आणि हात चालले. पिशवीचं तोंड शिवायला बसले तर सुईत दोरा ओवेना, ओवला तर टाका वाकडा. शोभाताई न्हाणीतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

‘‘काय करू लागलीस?’’

‘‘जाऊन येते.’’

‘‘तुला लाज हाय का? शब्द दिलाय तिला. कावळा शिवला, साऱ्या गावानं बगितलं.’’

‘‘शब्द तुम्ही दिलाय, ताई. मी नाही. मला विचारलं का कुणी?’’

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण त्या या पलंगापाशी आल्या, बसल्या नाहीत, नुसता हात ठेवला. म्हणाल्या, ‘‘तू गेलीस की ती मला फोन लावायची, ठाऊक हाय का तुला?’’

मला ठाऊक नव्हतं.

‘‘दर रविवारी. कन्नडला गारठा पडला का, जावयाचा खोकला कसाय, भाजी काय केलीस. तेच तेच, फिरून फिरून. मला आधी वाटायचं, माझी आठवण येती रविवारी. मग ध्यानात आलं. तुझी गाडी वाजली की बोलता बोलता मधीच ओरडायची, ज्वारी आली का, अन् फोन ठिवून द्यायची. मला ‘ठिवते’ बी म्हणायची नाय. भ्यायची ती, संगीता. एकटीला भ्या वाटायचं म्हून मला बसवून ठिवायची. इतकी वर्षं तिकडं म्या बी तुझी वाट बगत बसायचे.’’

मी सुई पिशवीला टोचून ठेवली.

‘‘अन् तो शब्द म्या आईसाठी नाय दिला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्यासाठी दिला. आई गेली. आता ह्या घरात मला ‘ये’ म्हणणारी तूच हायस. तुझं काई बरंवाईट झालं तर मला माहेर राहतंय का?’’

आत्याबाई, कावळ्याला उत्तर द्यायची माझी तयारी होती. याला नव्हती. मी एवढंच म्हणू शकले, ‘‘मी येते परत.’’

‘‘ती बी येते म्हणूनच गेली होती दवाखान्यात.’’

शोभाताईंनी माझ्या हातातून पिशवी ओढली. ‘‘असं शिवत्यात का? समदी सांडल.’’ खाली बसून, माझे टाके उसवून, त्यांनी तिचं तोंड शिवलं. तुमच्यासारखंच, बारीक आणि घट्ट. दात लावून दोरा तोडला. ‘‘दाणे वाया जाऊ नयेत म्हून शिवलंय,’’ म्हणाल्या. ‘‘तुला जा म्हणत नाय मी.’’

धावपट्टीवर सरांनी फार काही विचारलं नाही. फक्त, ‘‘झोप झालीय? सच बोलो.’’ मी झालीय म्हणाले. काल खरंच मेल्यासारखी झोपले होते. तरी त्यांनी आधी स्वतः मागं बसून एक चक्कर मारायला लावली, मग उतरले. मी तुमची ज्वारी मागच्या सीटवर ठेवली, पट्टे आवळले, दोनदा ओढले.

वर काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. थंडी होती. नाक वाहत होतं. वाळूजच्या शेडची पत्र्याची छपरं चमकत होती, त्याच्या पुढं बजाजनगरातल्या गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, आणि त्यातली आपली कुठली ते याही वेळी ओळखता आलं नाही. लांब देवगिरीचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला. कन्नडकडं नुसतं पांढरं. खाली एका नांगरलेल्या रानात कावळे उतरले होते. त्यांच्यातल्या एखाद्याला विचारावं असं वाटून गेलं, की बाबा, त्या दिवशी नेमका कशाला उठलास? पण ते आपापलं खात होते. त्यांना आमच्या घरचं काही पडलेलं दिसलं नाही.

मी तुमच्याशी बोलले. पहिल्या वेळेसारखंच, मोठ्यानं, मलाच ऐकू न येणारं. म्हणाले, आत्याबाई, शोभाताईंचा शब्द माझ्याच्यानं पाळवत नाही. पण तुमचा पाळेन. ज्वारी घरी येईल, दर खेपेला येईल. हवा जरा फिरली की येईल, पोटात गोळा आला की येईल, दमले तरी येईल. आणि ज्या दिवशी वाटेल की आणवणार नाही, त्या दिवशी जाणारच नाही. एवढं चालतंय का बघा. आणि तुम्ही पाठीमागून बघत असाल तर सांगा, कशी दिसते मी?

मागं ज्वारी होती. ती काय बोलणार? पाठीला तिचा भार लागत होता तेवढाच.

हवा छान होती, अजून फिरता आलं असतं. पण चूल पेटली नसेल हे डोक्यात आलं. मग आठवलं की आता चुलीची वाट बघणारं कुणी नाही, खुशाल फिर. आणि तेव्हा मला तिथं वर इतकं एकटं वाटलं, आत्याबाई, की पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं. वळवलं आणि खाली घेतलं. चाकं जरा आपटली. सरांनी ते न बघितल्यासारखं केलं.

गल्लीत शिरले तेव्हा शोभाताई गेल्या असतील असंच मनात होतं. सकाळची कन्नडची एसटी त्यांना मिळाली असती. स्कूटी दाराशी लावली, बंद केली, पायाशी ठेवलेली पिशवी सोडवायला वाकले. आतून परात आपटल्याचा आवाज आला. आणि मग, तुमच्याइतका खणखणीत नाही, रडून बसलेल्या घशातून,

‘‘ज्वारी आली का?’’

‘‘आली,’’ मी म्हणाले. पिशवी मांडीवर घेऊन मी उंबऱ्यातच बसले आणि रडले. दवाखान्यात आलं नव्हतं, घाटावर आलं नव्हतं, ते सगळं तिथं आलं. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे.

शोभाताई बाहेर आल्या. त्यांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलून कडेवर घेतली.

‘‘मागून रड,’’ म्हणाल्या. ‘‘आधी घरघंटी लाव. तुझा नवरा सकाळपासून उपाशी हाय.’’